रेडिएटरला दोन दारं हवीत

इंजिन बदलताना : लेखांक ६

मागच्या आठवड्यात इंजिनाचे माउंटिंग आणि गिअरबॉक्सची प्लेट इथवर आलो होतो. समजा इंजिन बसलं आणि सुरूही झालं. आता राहात्याहून शिर्डीकडे गुरुवारी दुपारी निघा. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे भाविकांच्या बसगाड्या, ऊन चाळिशीला टेकलेलं. नगर-मनमाड रस्त्यावरचे हे पाच-सहा किलोमीटर तापमानाचा काटा न हलता पार झाले, तर रेडिएटर योग्य जागी आहे असं समजा. नुसत्या मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहिलेल्या गाडीचा भरवसा धरू नये.

हवेवर थंड होणारं इंजिन काढून त्या जागी पाण्याचं इंजिन टाकलं, की नवा पाहुणा एकटा येत नाही. रेडिएटर, पंखा, पाइप आणि टाकी बरोबर येतात. इंजिन पुढे असेल तर प्रश्न सोपा असतो, जाळीमागे जागा तयारच असते. इंजिन चालकाच्या मागे, दोन्ही आसांच्या मधे असेल तर मात्र पुढून येणारी हवा चालकाने आणि अंगणभर पत्र्याने अडवलेली असते.

आपल्या रस्त्यांवर याचं उदाहरण वर्षानुवर्षं धावलं. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच नंतरची ऑम्नी. पुढची सीट उचलली की खाली इंजिन दिसतं, पण रेडिएटर मात्र पुढे, नाकाशी. इंजिन जिथे सोयीचं तिथे ठेवलं, रेडिएटर जिथे हवा आहे तिथे.

आता किती हवा लागते ते पाहू. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराड्यातून जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यात उतरतो. ऑम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ३५ अश्वशक्ती, म्हणजे पूर्ण जोरात २५ किलोवॅटच्या आसपास उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. रेडिएटरच्या जाळीतून जाताना हवा ३० अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला पाऊण घनमीटरहून थोडी जास्त हवा आरपार गेली पाहिजे. आरपार हा शब्द महत्त्वाचा. खोलीची एकच खिडकी उघडली तर वारा येत नाही, समोरचीही उघडावी लागते. बहुतेक जण हवेला आत यायला मोठं तोंड करतात आणि बाहेर पडायच्या वाटेचा विचारच करत नाहीत.

हवा दाबाच्या फरकाने चालते, आणि हा फरक फार तुटपुंजा असतो. ताशी ८० किलोमीटरला गाडीच्या नाकावर येणारा जास्तीत जास्त दाब म्हणजे पाण्याचा सुमारे २७ मिलिमीटरचा स्तंभ. वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो: ४० ला जेमतेम ७ मिलिमीटर, २० ला दोनही नाही. ट्रॅक्टरमागे गाडी का तापते, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. तिथे पंखाच कामाला येतो.

जागा तीन. पहिली पुढे. १९८२ साली फोक्सवॅगनने आपल्या मागे इंजिन असलेल्या टी-३ व्हॅनमध्ये हवेचं इंजिन सोडून पाण्याचं इंजिन घेतलं, तेव्हा रेडिएटर थेट पुढे नेला आणि नाकावर आणखी एक जाळी दिली. पोर्शे ९१४ ही १९६९ ते १९७६ दरम्यानची मधल्या इंजिनाची गाडी. तिच्यात पाण्याचं सुबारू इंजिन टाकणारे हौशी लोकही सहसा पुढच्या डिकीचा बळी देतात. इथे गरम हवा सोडायची कुठे, हे नीट ठरवा. बॉनेटच्या पुढच्या भागावर दाब कमी असतो, तिथे झरोके चालतात. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. तिथे झरोका काढलात तर बाहेर पडायची वाटच उलटी वाहू लागते. खाली, पुढच्या चाकांमागे सोडलेली हवाही चालते.

दुसरी जागा बाजूंना, मागच्या चाकांच्या पुढे. फेरारीच्या ५१२ बीबीआयमध्ये रेडिएटर पुढे होता. त्याचे गरम पाइप केबिनखालून जात, आतले लोक भाजून निघत आणि सामानाची जागाही जाई. १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर दोन करून बाजूंना नेले. केबिन थंड झाली, पण गाडी १,९७६ मिलिमीटर रुंद झाली. लॅम्बोर्गिनी काउंटाशचा १९७१ चा नमुना तापत असे, म्हणून विक्रीच्या गाडीवर हवा ओढणारे मोठे कान आणि खाचा आल्या. कारण गाडीच्या कुशीला लागून वाहणारी हवा मंद आणि विस्कळीत असते. नुसतं भोक पाडून ती आत वळत नाही. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेतल्या गाड्यांचाही प्रश्न हाच. तिथे मोटरसायकलचं इंजिन चालकाच्या मागे बसतं आणि रेडिएटर बहुधा बाजूच्या पेटीत. त्यात गंमत अशी, की नियमाने साधं पाणीच भरावं लागतं, कूलंट चालत नाही. सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो.

तिसरी जागा मागे, इंजिनाशेजारी. पाइप सर्वांत आखूड, म्हणून मोह सर्वांत मोठा. पण तिथे इंजिन आणि सायलेन्सरची गरम हवाच पुन्हा ओढली जाते. चांगला पंखा आणि गाडीच्या अंगाबाहेरून थेट आणलेली डक्ट असेल तरच तिकडे वळा.

जागा ठरवायला अंदाजाची गरज नाही. पारदर्शक नळीचा यू करा, अर्ध्यावर रंगीत पाणी भरा. एक टोक रेडिएटरच्या जाळीच्या पुढे, दुसरं मागे. टोक वाऱ्याच्या थेट तोंडावर नको, प्रवाहाला आडवं धरा. शेजारी बसणाऱ्याने ताशी ६० ला दोन्ही पातळ्यांतला फरक पट्टीने मोजायचा. मग बॉनेट थोडं उघडं ठेवून किंवा खालचा पत्रा काढून पुन्हा मोजा. फरक वाढला तर अडचण बाहेरच्या दारात आहे. रेडिएटर मोठा आणण्याआधी ही नळी लावा. खर्च पन्नास रुपयांचाही नाही. जाळीच्या चारही कडा स्पंजपट्टीने बंद करायला विसरू नका. हवेला बाजूने निसटायला फट मिळाली, तर ती जाळीतून जाण्याचे कष्ट घेत नाही.

आता पाइप. ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाचे, जाऊन-येऊन सहा मीटर धरले, तर एकट्या पाइपांत जवळपास पाच लिटर पाणी मावतं. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस नळी घ्या आणि टोकांना उठाव काढून घ्या, म्हणजे होज क्लिपमधून सुटत नाही. पंपाकडे परतणारा होज मऊ असेल तर ओढीने चपटा होतो; आत स्प्रिंग घाला. पेट्रोलच्या लाइनजवळून पाइप नेऊ नका.

पुढचा रेडिएटर, मागचं इंजिन आणि मधे जमिनीलगतचे पाइप, ही रचना हवेचे बुडबुडे कोंडायला फार सोयीची. पाण्याची टाकी सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच हवी आणि रेडिएटरच्या माथ्यावर हवा काढायचा स्क्रू हवा. भरताना गाडीचं नाक जॅकने उचला, तो स्क्रू उघडा ठेवा आणि सलग पाणी येईपर्यंत थांबा. घाई केली तर हेडपाशी वाफ साठते, काटा शांत दिसतो आणि गॅसकेट जाते. राहाता समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. ०.९ बारचं झाकण हाच बिंदू ११७-११८ वर नेतं. म्हणून ढिलं झाकण चालवून घेऊ नका, आणि गरम असताना उघडूही नका.

पंखा जाळीच्या मागे बसवून हवा ओढणारा घ्या, आणि त्याला जाळीभर पसरलेलं श्राउड द्या. नाहीतर मधलाच गोल थंड होतो.

आपल्या भागाचे दोन शत्रू वेगळे. गणेशनगर आणि प्रवरानगरच्या कारखान्यांकडे ऊस चालू असला, की रस्त्यावरच्या पाचटाचा भुसा जाळीत अडकतो; हंगामात दर पंधरवड्याला मागच्या बाजूने हलक्या दाबाने पाणी मारा. आणि बोअरचं पाणी भरू नका, क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट, एवढंच.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर काम सुरू करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी. एमएच १७ च्या गाडीसाठी म्हणजे श्रीरामपूर. आराखडा, इंजिन क्रमांक आणि रेडिएटरची जागा दाखवणारं चित्र अर्जासोबत न्या, कारण पत्रा कापून झाल्यावर नकार आला तर तो पत्रा परत जुळत नाही.

पुढच्या आठवड्यात: गिअरची लांब तार आणि क्लच.