तलावातील शेवाळाचे मोल

मासे, शेवाळ आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याचे प्रयोग आज जगभर कौतुकाने पाहिले जातात. त्यासाठी टाक्या, नळ्या व पंप लागतात. गोंदिया जिल्ह्यातील जुन्या तलावांनी हेच कार्य कोणत्याही यंत्रावाचून शतकानुशतके केले आहे.

कोहळी समाजाने खपून बांधलेले हे तलाव, नवेगावबांध हा त्यांतील थोरला, पुढे मालगुजारांकडे गेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले. धान पिकविणारा शेतकरी आणि मासे धरणारा ढीवर या दोघांचेही पोट एकाच पाण्यावर होते. शिंगाडा व कमळकंद ही त्याच पाण्याची पिके, आणि तळाचा गाळ हे शेताचे खत.

या व्यवस्थेचा पाया शेवाळ व पाणवनस्पती हा होय. माशांच्या विष्ठेतील नत्र त्या शोषून घेतात, दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिले वाढतात. मात्र प्रमाण सुटले की हेच शेवाळ घातक ठरते. शेतातील रासायनिक खत तलावात उतरले म्हणजे ते बेसुमार माजते, रात्री प्राणवायू संपवते आणि पहाटे मासे मरून तरंगतात. मुळे धरून राहणाऱ्या देशी वनस्पती त्या खताचा वाटा घेऊन हा समतोल राखतात.

दुर्दैवाने सरकारी हिशेबात या वनस्पतींना स्थान नाही. एका खात्याला तलावात सिंचनाचे पाणी दिसते, दुसऱ्याला रोहू-कटल्याचे उत्पादन. गवत्या मासा सोडला की तो पाणवनस्पती फस्त करतो. यंत्राने सरसकट गाळ उपसला की त्यांचे कंदही जातात. मोकळ्या जागी बेशरम फोफावते. मग मरळ, शिंगी, मागूर यांसारखे देशी मासे दुर्मीळ होतात आणि त्याची झळ सर्वप्रथम ढीवर कुटुंबांना बसते.

यावर उपाय नाही असे नव्हे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घेऊन बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना आसरा दिला. या कामात ढीवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा तलाव ठेक्याने देताना आणि गाळ काढताना पाण्यातील वनस्पतींचाही विचार व्हावा. काही भाग न उकरता राखावा, कोणते मासे सोडावेत हे ठरविताना ढीवरांचे मत घ्यावे. यास खर्च फारसा नाही. तलाव हे पाण्याचे भांडे नसून जिवंत शेत आहे, एवढे मान्य करण्याची तयारी मात्र हवी.