दरमहा दहा टक्के देणारा ‘आपलाच माणूस’ : पैसे देण्याआधी हा हिशेब करा

आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी पतीच्या निधनानंतर मिळालेल्या ग्रॅच्युइटीतले 3 लाख रुपये एका योजनेत भरले. दरमहा 10 टक्के मिळणार होते. पाच महिने पैसे वेळेवर आले, म्हणून त्यांनी दोन शेजारणींनाही पैसे भरायला लावले. सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप लागले. “कागद वाचले नव्हते का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “कागद कशाला? सांगणारा आपलाच माणूस होता, दर रविवारी विहारात येणारा.” आज पैसे तर गेलेच, पण शेजारणीही त्यांच्याशी बोलत नाहीत.

मित्रांनो, अशी फसवणूक प्रत्येक जातीधर्मात होते आणि ती ओळखीच्या वाटेनेच येते. पण आपल्यातल्या अनेक घरांत पगाराची ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. मागे शेती नाही, वडिलोपार्जित घर नाही. साठवलेले दोन-तीन लाख हेच आपले पहिले भांडवल. ते बुडाले की मुलांचे शिक्षण थांबते. म्हणून हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा.

समजा 20 जणांनी प्रत्येकी 1 लाख दिले. 20 लाख जमले. दरमहा 10 टक्के म्हणजे 2 लाख वाटायचे. कुठलाही धंदा न करता, फक्त तुमचेच पैसे तुम्हाला परत देत 10 महिने सहज काढता येतात. मधल्या काळात नवे लोक आले तर मुदत आणखी वाढते. म्हणजे सुरुवातीला वेळेवर आलेले पैसे योजना खरी असल्याचा पुरावा नसतात. ते नवे गिऱ्हाईक आणण्यासाठी टाकलेले आमिष असते.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा. महिन्याला 10 टक्के म्हणजे वर्षाला 120 टक्के. ज्याच्या धंद्यात खरोखर इतका नफा आहे, तो बँकेकडून त्याहून कितीतरी कमी व्याजाने कर्ज काढेल. तुमच्या दारात कशाला येईल? सरकारी हमी असलेल्या पीपीएफचा व्याजदर एप्रिल 2020 पासून वर्षाला 7.1 टक्के ठरवला गेला. ‘हमखास’ परतावा याच्या कितीतरी पट सांगितला जात असेल, तर तिथेच थांबा.

कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर संस्थेबद्दल तपासता येते आणि तक्रारही करता येते. गुंतवणूक सल्लागार असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही.

मग पैसे ठेवायचे कुठे? आधी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवा. मग विमा घ्या. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत आणि सुरक्षा विमा 20 रुपयांत मिळतो. पहिल्यात कोणत्याही कारणाने, तर दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. त्यानंतर पीपीएफ किंवा इंडेक्स फंडातील एसआयपी. फंडात चढउतार असतात, हमी नसते. म्हणून सात-दहा वर्षे लागणार नाहीत असेच पैसे तिथे घाला. दरमहा 2,000 रुपये, सरासरी 10 टक्के परतावा धरला तर 20 वर्षांत भरलेल्या 4.8 लाखांचे सुमारे 15 लाख होतात. तेच 10 वर्षांत 2.4 लाखांचे जेमतेम 4 लाख. इथे खरी कमाई वेळेची आहे. आणि झटपट श्रीमंतीसाठी फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळणाऱ्या तरुणांनी सेबीचा 2024 चा अभ्यास पाहावा : तीन वर्षांत 100 पैकी 93 वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले.

बचत हा आपल्यासाठी नवा विचार नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा.

कुणी आधीच अडकले असेल तर लाजून गप्प बसू नका. पावत्या, बँक व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा आणि सगळे ठेवीदार मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. महाराष्ट्रातील ठेवीदार संरक्षण कायदा, 1999 नुसार आरोपीची मालमत्ता जप्त होऊ शकते. आणि पुढच्या रविवारी विहारात कुणी ‘दामदुप्पट’ योजना सांगू लागला, तर सगळ्यांसमोर वहीवर हा 20 जणांचा हिशेब मांडा. आपला माणूस खरा असेल, तर त्याला हिशेबाचा राग येणार नाही.