वाचनालयाचा सर्व्हर बसवताना अडलं? नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हे तपासा

मोहल्ल्यातलं वाचनालय असो की ट्रस्टची शाळा, पुस्तकांची नोंद वहीतून कॉम्प्युटरवर आणायची म्हटलं की 'कोहा' या सॉफ्टवेअरचं नाव पुढे येतं. न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररी ट्रस्टसाठी ते तयार झालं आणि 2000 साली वापरात आलं. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. ते मोफत आहे आणि मराठी, उर्दू पुस्तकांची नोंद त्या त्या लिपीत करता येते.

अडचण येते ती इन्स्टॉल करताना. कुठेतरी गाडी अडते आणि कुणीतरी सांगतं, "हे मशीन चालणार नाही, नवं घ्या." वर्गणीतून जमलेला पैसा असा खर्च होण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात, असं आम्हाला वाटतं.

आधी मशीन तयार आहे का?

कोहा विंडोजवर थेट बसत नाही. त्याला लिनक्स लागतं, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस आवृत्ती. अपडेट बंद झालेली जुनी आवृत्ती नको. छोट्या वाचनालयाला 4 जीबी रॅम सहसा पुरते. हार्ड डिस्कवर मोकळी जागा किती, तेही पाहून घ्या.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे तारीख आणि वेळ. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की घड्याळ मागे पडतं. मग सर्व्हर फाइल डाउनलोड करायला नकार देतो आणि आपण दोष इंटरनेटला देतो. सेल बदला, वेळ लावा, पुन्हा करून पाहा.

नेहमीचे तीन अडथळे

पहिला, पान उघडत नाही. वाचकांसाठी 80 आणि कर्मचाऱ्यांसाठी 8080 हे पोर्ट सहसा वापरतात. तिथे आधीच दुसरा प्रोग्राम बसला असेल किंवा अपाचेला 8080 वर ऐकायला सांगितलंच नसेल, तर पान येणार नाही.

दुसरा, पहिलं लॉगिन होत नाही. इथे आपलं नाव चालत नाही, डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. 'कोहा-पासडब्ल्यूडी' ही कमांड वाचनालयासाठी ठेवलेल्या नावासह दिली की तो पासवर्ड दिसतो.

तिसरा, पुस्तक नोंदवलं, पण शोधात सापडत नाही. घाबरू नका, नोंद गेलेली नसते. शोधाची यादी बनवणारी 'झेब्रा' ही सेवा बंद पडलेली असते. ती सुरू करून यादी पुन्हा बनवावी.

कोणताही अडथळा असो, स्क्रीनवरची शेवटची ओळ पाहून थांबू नका. वर जाऊन पहिली एरर शोधा. खालच्या बऱ्याच एरर त्या एकीमुळेच आलेल्या असतात.

पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

"सगळं पुसून परत टाकू" हा सल्ला लगेच मानू नका. मुलामुलींनी महिनोन्‌महिने बसून केलेल्या नोंदी त्यात जाऊ शकतात. कोहा रोज बॅकअप घेतं, पण तो त्याच मशीनवर राहतो आणि जुने बॅकअप आपोआप पुसले जातात. म्हणून दर आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती वाचनालयाबाहेर, एखाद्या ट्रस्टीच्या घरी ठेवा. मशीन उद्या खरंच बंद पडलं, तरी पुस्तकांची नोंद हातात राहील.