फवारणीची विषबाधा आणि मजुराचा हक्क

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीला जोर येतो. सकाळी पाठीवर पंप घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी डोळे चोळत, ओकाऱ्या काढत घरी येतो. घरची माणसे डोक्यावर पाणी ओततात, लिंबू पाजतात आणि सकाळपर्यंत उतरेल म्हणून वाट पाहतात. २०१७ च्या पावसाळ्यात असे इतक्या घरांत घडले की यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकडो माणसे दाखल झाली. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त माणसे दगावली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, हवा दमट होती आणि फवारा अंगावरच येत होता. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले आणि मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये मदत जाहीर केली.

मदत मिळाली ते चांगले झाले. परंतु मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत सरकार आपल्या मर्जीने देते. भरपाई हा हक्क असतो, तो कायद्याने मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला कागद दाखवावे लागतात. आपली माणसे नेमकी इथेच अडतात.

हे प्रकरण पुढे कुठपर्यंत गेले, ते पुष्कळांना ठाऊक नाही. त्या वर्षीच्या पोलीस नोंदींत ‘पोलो’ या एका औषधाशी जोडलेली ९६ प्रकरणे असल्याचे, आणि त्यांत दोन मृत्यू असल्याचे, पीडितांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी पुढे आणले. हे औषध सिंजेंटा कंपनीचे. तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मृतांच्या दोन विधवा आणि बचावलेला एक जण, असे आपल्या जिल्ह्यातील तिघे भरपाईसाठी थेट बासेलमध्ये कंपनीविरुद्ध गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली. सप्टेंबर २०२० हाच महिना का? तिथल्या कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाकडे भरपाई मागण्यास तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती संपत आली होती. मजूर-कास्तकाराच्या घरची बाई परदेशातल्या कंपनीसमोर उभी राहिली, ती आपल्याच इथल्या पोलीस ठाण्याच्या आणि दवाखान्याच्या कागदांच्या जोरावर.

प्रत्येकाला बासेल गाठता येणार नाही, तशी गरजही नाही. आपल्या देशात १९२३ पासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. कारखान्यातल्या अपघाताचा कायदा म्हणून लोक तो ओळखतात. पण भरपाईस पात्र कामगारांच्या यादीत, शेतीत कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणारा मजूर स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. रोजंदारीचा माणूस बाहेर ठेवणारी अट २००० सालच्या दुरुस्तीने निघाली. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढे दाखवले की पुरे.

‘मास्क घातला नाही’, ‘दारू प्यालेला होता’ ही उत्तरे २०१७ मध्येही ऐकली. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर असल्या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही. शिवाय मास्क कोणी पुरवला होता, हेही विचारायला हवे.

रकमेचा हिशेब मी कारकुनी पेशाचा म्हणून मांडून दाखवतो. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. पस्तीस वर्षांच्या माणसाचा आकडा १९७.०६ आहे. महिना ९,००० रुपये मजुरी धरली तर ४,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे ८,८६,७७० रुपये होतात. ही रक्कम दोन लाखांशेजारी ठेवून पाहावी.

आता खरी अडचण. मालक म्हणजे कोण? चार-पाच एकरांचा कास्तकार, तोही सोसायटीच्या कर्जात बुडालेला. त्याच्याच शेतात पुढच्या हंगामात निंदणाला जायचे असते. त्याच्याविरुद्ध अर्ज कसा करायचा? हा संकोच मला खोटा वाटत नाही. म्हणूनच विष बनवणाऱ्याला जाब विचारणारा बासेलचा दावा मला मोलाचा वाटतो. पण संकोचापोटी गावात चार माणसे बसवून वीस-पंचवीस हजारांत ‘मिटवले’ असा कागद करतात, तो मात्र मान्य नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेल्या पैशाने हक्क संपत नाही, आणि हक्क सोडल्याचे लिहून दिले तरी ते कायद्याने निरर्थक ठरते.

कास्तकार स्वतःच्या शेतात दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. त्या योजनेला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या भूमिहीन मजुराला ती उपयोगाची नाही. आपल्या वस्त्यांतील बहुतेक फवारणारे याच वर्गातले, म्हणून वरचा कायदा माहीत असणे अगत्याचे.

कागदांचे एक उदाहरण सांगतो. एका विधवा भगिनीचे प्रकरण माझ्याकडे आले. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘विष प्राशन’ असे लिहिलेले होते. नवरा दुसऱ्याच्या शेतात फवारताना पडला होता, पण नेणारे घाबरलेले, लिहिणारा घाईत. ‘विषबाधा’ ऐवजी ‘प्राशन’ लिहिले गेले आणि प्रकरण आत्महत्येचे दिसू लागले. एवढ्या एका शब्दासाठी आम्ही वर्षभर हेलपाटे घातले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की रुग्ण नेताना कोणीतरी एक शुद्धीवर असलेला माणूस सोबत असावा आणि त्याने ‘फवारणी करताना विषबाधा’ हे शब्द आपल्यासमोर लिहून घ्यावेत. कोणाच्या शेतात, कोणत्या तारखेला, किती वाजता, हेही सांगावे. औषधाचा डबा किंवा बाटली लेबलासह पिशवीत घालून सोबत न्यावी. डॉक्टरला उपचारासाठी ती लागते आणि पुढे पुराव्यासाठी आपल्याला लागते. लेबलावर चौकोनी खूण असते. लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाचता न येणाऱ्यानेही रंग लक्षात ठेवावा. बिल बहुधा कास्तकाराजवळ असते, त्याची झेरॉक्स मागून घ्यावी.

दवाखान्याकडून पोलिसांना खबर गेली की नाही ते विचारावे. मृत्यू झाल्यास मर्गाची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये. ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून नातेवाईक घाई करतात, आणि मग मृत्यूचे कारण कोणत्याच कागदावर राहत नाही. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे वहीत टिपून ठेवावीत.

भरपाईच्या अर्जाला मुदत दोन वर्षांची आहे. उशिराचे सबळ कारण असल्यास माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिथे साधा अर्ज, जातीचा दाखला आणि वरील कागदांच्या झेरॉक्स घेऊन जावे. अर्ज कोणत्या प्राधिकाऱ्यापुढे करायचा तेही तिथेच विचारून घ्यावे. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नयेत, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.