एकच कंप्रता, दोन वाटेकरी

समजा, एका गावाजवळ उपग्रहाचे संदेश घेणारे भूकेंद्र आहे. त्याची मोठी थाळी सुमारे ३६,००० कि.मी. दूर असलेल्या भूस्थिर उपग्रहाकडे रोखलेली आहे. तेथून ५० कि.मी. अंतरावर जमिनीवरून संदेश पाठविणारा सूक्ष्मतरंगांचा मनोरा उभारायचा आहे. दोघांनाही ४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासचीच कंप्रता हवी आहे. हे दोघे एकत्र नांदतील का?

तरंगांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुम्ही शिकला आहातच. उपग्रह मनोऱ्यापेक्षा ७२० पट दूर आहे. दोघांनी थाळीच्या दिशेने सारख्याच शक्तीने तरंग सोडले, तर मनोऱ्याचे तरंग ७२० × ७२०, म्हणजे पाच लाखांहून अधिक पट तीव्र ठरतील! कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी नगारा वाजावा, तसाच हा प्रकार.

परंतु आकाशाकडे वळलेली थाळी क्षितिजाकडून येणारे तरंग काही लाख पटींनी कमी ग्रहण करते. एवढ्याने दोन्ही तरंग फार तर बरोबरीला येतील. व्यत्यय तर संदेशाहून कितीतरी क्षीण हवा. उरलेले काम पृथ्वीची वक्रता आणि मधले डोंगर करतात. नकाशावरून भूभागाचा छेद काढला की ही घट मोजता येते.

खरी अडचण हवेची. शांत, निरभ्र रात्री जमीन निवते. तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. अशा थरांत तरंग खाली वाकतात आणि क्षितिजापलीकडे शेकडो कि.मी. जाऊ शकतात. समुद्रावर हे अधिक घडते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारवर हजार कि.मी.हून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्यावरून परतलेले तरंग दिसले होते!

म्हणून सरासरी दिवसाचे गणित पुरत नाही. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने गणनाची पद्धत ठरवून दिली आहे. व्यत्यय वर्षातील किती टक्के वेळ मर्यादा ओलांडील, हे तीवरून काढतात. ०.०१ टक्के म्हणजे वर्षाला किती वेळ? गणित करून पाहा. सुमारे ५३ मिनिटे येतील.

अंदाज कमी आला तर संदेश तुटतील. जास्त आला तर मनोऱ्याला विनाकारण नकार मिळेल आणि उपयोगी कंप्रता पडून राहील. वाटेकरी वाढत असताना दोन्ही चुका महागच पडतात.