कार्ड नंबर जपू नका, ठेवूच नका

छोट्या दुकानात, क्लासमध्ये किंवा ट्रॅव्हल एजंटकडे गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर कसा जपावा? माझं ठाम मत आहे, तो ठेवूच नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियमही हेच सांगतो: कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, रुपेसारखी नेटवर्क सोडून व्यवहाराच्या साखळीतल्या कुणालाही पूर्ण नंबर साठवता येत नाही. हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव पुरतं.

‘नेहमीच्या गिऱ्हाइकाला दरवेळी नंबर विचारायचा का?’ हा आक्षेप रास्त आहे, पण त्यासाठीच टोकन आहे. गिऱ्हाइकाच्या संमतीने खऱ्या नंबरऐवजी पर्यायी क्रमांक तयार होतो आणि तो त्याच व्यापाऱ्याकडे चालतो. चोरीला गेला तरी दुसरीकडे कुचकामी. रिफंडही मूळ व्यवहाराच्या संदर्भावरून होतो. ‘आमच्याकडे कोण चोरी करणार?’ म्हणणाऱ्यांनी गल्ल्याखालची वही उघडून बघावी: नाव, सोळा आकडे, मुदत आणि शेजारी पेन्सिलीने सीव्हीव्ही, जो व्यवहार झाल्यावर कुणीच ठेवायचा नसतो. इथे हॅकर कशाला लागतो, मोबाइलवर काढलेला एक फोटो पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कार्डांचे फोटोही त्यातच आले. गॅलरीतून, बॅकअपमधून ते आजच काढून टाका.