बेटांचे फोटो काढताना माणूस विसरू नका

नारळाची झाडे, पांढरी वाळू, निळेशार पाणी. असे चित्र नसलेले कॅलेंडर शोधूनही सापडायचे नाही. पूर्वी ही बेटे आपल्यासाठी भिंतीवरच होती. आता बँकेत, शाळेत, रेल्वेत नोकरी केलेली आपल्या समाजातील माणसे निवृत्तीनंतर पती-पत्नी मिळून जहाजाने अंदमानला, लक्षद्वीपला जातात. कोणी श्रीलंका, बाली पाहून येतात. याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्यांची नातवंडे समुद्र ओलांडत आहेत. परत आल्यावर फोटो दाखविण्याचा कार्यक्रम होतोच. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले. फोटो चांगला कसा यावा हे सांगूच. पण फोटोत कोण असतो आणि त्याला कोणी विचारले होते का, हेही पाहू.

साडेतीन वर्षांची सफर

डिसेंबर १८७२ मध्ये इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदरातून ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज निघाले आणि मे १८७६ मध्ये मायदेशी परतले. एकूण अंतर ६८,८९० सागरी मैल. समुद्राची खोली मोजणे, तळाचा गाळ व जीवजंतू गोळा करणे हे त्याचे मुख्य काम. परंतु जहाजावर फोटो धुण्यासाठी अंधारी खोली होती आणि छायाचित्रकारही नेमलेला होता. लांबच्या सागरी सफरीत बेटोबेटी फोटो काढत जाण्याचे हे एक जुने व मोठे उदाहरण होय.

काम सोपे नव्हते. त्या काळी काचेला कोलोडियन नावाचे चिकट द्रावण लावीत, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवीत आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धूत. काच वाळली की मेहनत फुकट. उष्ण प्रदेशात ती आणखी लवकर वाळे. त्यामुळे बेटावर उतरताना जड कॅमेरा, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारासाठी तंबू, एवढा संसार बरोबर न्यावा लागे. या सफरीत एकामागून एक तीन छायाचित्रकार झाले. पहिला तर केपटाउनला जहाज सोडून पळून गेला!

जुलै-ऑगस्ट १८७४ मध्ये हे जहाज फिजी बेटांवर होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० ऑक्टोबर १८७४ रोजी, फिजी ब्रिटिश साम्राज्यात गेले. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर तिथे पोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे अशी नेली गेली. बेटाच्या सुंदर चित्राबरोबर ऊसमळ्यात वाकलेली ही पाठही आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

खिशातला फोटो

मॉरिशसची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. १८३४ पासून तिथे गेलेल्या मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. करार संपलेल्या मजुराने स्वतःचा फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगलेच पाहिजे, असा कायदा तिथे १८६७ मध्ये झाला. कागद नसला की भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने त्यांना त्यासाठी साहाय्य केले. पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे लागले.

त्या वेळच्या नोंदवह्या आणि फोटो आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेले आहेत. वहीत मजुराचा क्रमांक, नाव, गाव आणि जातसुद्धा लिहिलेली असे. समुद्र ओलांडला तरी जात पाठ सोडीना! मात्र ज्या फोटोने मजुराला बांधून ठेवले, त्याच फोटोवरून आज पणतू-खापरपणतू आपल्या पूर्वजाचा चेहरा पाहतात. फोटोखाली नाव लिहिलेले होते म्हणूनच हे शक्य झाले. वहीत नाव नसलेल्या माणसाची बाकी कोणी चुकती करीत नाही, हे आम्ही कारकून मंडळी चांगले जाणतो.

कॅमेरा हाती घेणारा

याची दुसरी बाजूही आहे. जावा बेटावर बोरोबुदूरचा विशाल बौद्ध स्तूप आहे. १८८५ मध्ये त्याच्या पायथ्याचा दगडांनी झाकलेला भाग उजेडात आला. आत १६० शिल्पपट होते. माणसाच्या बऱ्यावाईट कृत्यांचे फळ दाखविणारे हे शिल्पपट. (कर्माचा अर्थ बाबासाहेबांनी आपल्याला वेगळा उलगडून दिला आहे, तो वाचकांना ठाऊक आहेच.) १८९०-९१ मध्ये दगड काढून या शिल्पांचे फोटो घेण्यात आले आणि पायथा पुन्हा झाकला गेला. आज एक कोपरा सोडला तर ही शिल्पे फोटोतच पाहावी लागतात. हे फोटो काढले कोणी? कोणा गोऱ्या साहेबाने नव्हे, तर कासियान सेफास या जावाच्या भूमिपुत्राने. १८४५ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ योग्यकर्ताच्या सुलतानाच्या दरबारी छायाचित्रकार होता. ज्यांचे फोटो परके काढीत, त्यांच्यातलाच एक जण कॅमेरा शिकला, आणि धम्माचा एवढा ठेवा जगापुढे आला.

आपण काय करावे?

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. वातानुकूलित केबिनमधून कॅमेरा किंवा मोबाईल एकदम डेकवर आणला की भिंगावर वाफ धरते. तो पिशवीतच ठेवून वीस-तीस मिनिटे बाहेरची हवा लागू द्यावी. समुद्राचे खारे तुषार मऊ, किंचित ओल्या कापडाने टिपावेत. कोरडे घासल्यास चरे पडतात. कठड्यावर हात टेकू नये, इंजिनाची थरथर फोटोत उतरते. भर दुपारी पाण्याची चकाकी डोळे दिपवते. पहाटे जहाज बंदराजवळ येत असताना बेटाचा खरा आकार दिसतो, म्हणून त्या दिवशी लवकर उठावे.

आता माणसांविषयी. अंदमानात जारवा बांधवांचे फोटो अथवा व्हिडिओ काढणे हा कायद्याने गुन्हा आहे. आदिवासींच्या संरक्षणाचा नियम १९५६ चा असून २०१२ मध्ये तो अधिक कडक झाला. तो व्हावा लागला, कारण राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटक गाड्या थांबवून, खाऊ दाखवून त्यांना नाचायला लावीत. कोणी आपल्या वस्तीत येऊन असे केले असते तर आपण काय म्हटले असते? तिऱ्हाईतांनी पाहण्याची वस्तू होणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इतर ठिकाणी कोळ्याचा, मासळीवालीचा, शाळकरी मुलांचा फोटो घ्यावासा वाटला तर आधी हसून विचारावे. नाही म्हटले तर रागावू नये. हो म्हटले तर नाव विचारून घ्यावे आणि जमल्यास एक प्रत पाठवावी. विहारात मूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढू नये. श्रीलंकेत तर हा अपमान समजला जातो.

आपल्या घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे. अंगात कोट, हाती पुस्तक, नजर थेट समोर. त्या फोटोने आपल्या किती पिढ्यांची मान ताठ केली! बेटावरच्या परक्या माणसाचा फोटो घेताना त्याचीही मान तशीच ताठ राहील एवढे पाहावे. घरी आल्यावर मुलाबाळांना अल्बम दाखवताना ‘हे कोण?’ असा प्रश्न आला, तर त्या माणसाचे नाव सांगता आले पाहिजे.